रॉक दौऱ्यावरचा माहितीपट कसा पाहावा: ‘गिम्मी शेल्टर’पासून सुरुवात

रॉक संगीताची सवय नसलेल्या माणसाला मी सुरुवातीला गाण्यांची यादी देत नाही, एक माहितीपट पाहायला सांगतो. त्याचं नाव ‘गिम्मी शेल्टर’. द रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडने नोव्हेंबर १९६९मध्ये अमेरिकेचा दौरा केला. दौरा आटोपता आटोपता, ६ डिसेंबरला, उत्तर कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट नावाच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर त्यांनी फुकट कॉन्सर्ट ठेवली. सुमारे ३ लाख माणसं जमली आणि स्टोन्स वाजवत असतानाच मंचापासून काही पावलांवर मेरेडिथ हंटर हा १८ वर्षांचा मुलगा भोसकला जाऊन मेला. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे दोघे भाऊ दौऱ्याचं चित्रण करत होते. त्या चित्रणातून त्यांनी आणि शार्लट झ्वेरिन यांनी मिळून केलेला हा ९१ मिनिटांचा चित्रपट डिसेंबर १९७०मध्ये प्रदर्शित झाला.

पहिल्यांदा पाहताना बऱ्याच जणांचं बिनसतं. गाणी ऐकायला बसलेला माणूस मधल्या फोनाफोनीला कंटाळतो. ‘तो’ प्रसंग पाहायला बसलेला माणूस नुसती त्याचीच वाट पाहत राहतो आणि आधीचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून तसंच निघून जातं. खालची पद्धत दोघांच्याही उपयोगाची आहे. तिच्यातली मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकतो: या चित्रपटात गाणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे जास्त बोलतात. नजर त्यांच्यावर ठेवलीत तर बाकीचं हळूहळू उलगडत जाईल.

१. आधी समजून घ्या: हा गाण्यांचा कार्यक्रम नाही

कॉन्सर्टचा चित्रपट वेगळा आणि दौऱ्याचा माहितीपट वेगळा. ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा कॉन्सर्टचा चित्रपट. २५ नोव्हेंबर १९७६ची एक रात्र, सॅन फ्रान्सिस्कोमधलं एक सभागृह, ‘द बँड’ याच नावाच्या गटाचा निरोपाचा कार्यक्रम, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने तो टिपला आणि जोडीला वादकांच्या मुलाखती घातल्या. तिथे गाणं हाच गाभा. दौऱ्याच्या माहितीपटात गाण्याला जागा असते, पण खरी हालचाल दोन गाण्यांच्या मधल्या वेळात घडते. नाटकाच्या दौऱ्यावर जाऊन आलेल्या कुणाला विचारून पाहा. प्रयोग कसा झाला हे तो एका वाक्यात सांगेल. मग बस कुठे बंद पडली, सेट किती उशिरा पोचला आणि कंत्राटदाराने ऐन वेळी काय केलं, हे तासभर सांगेल. ‘गिम्मी शेल्टर’मधली कंटाळवाणी वाटणारी फोनाफोनी म्हणजे तोच तासभराचा भाग आहे आणि त्यातच पुढच्या अनर्थाची मुळं आहेत.

दुसरं म्हणजे, इथे निवेदक नाही. कुणी मुलाखती घेत नाही आणि माणसांची नावं पडद्यावर लिहून येत नाहीत. मेझल्स बंधू ‘डायरेक्ट सिनेमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने काम करत. अल्बर्टच्या खांद्यावर १६ मिलिमीटरचा कॅमेरा, डेव्हिडकडे आवाज टिपणारं यंत्र. समोर जे चाललंय त्यात ढवळाढवळ न करता पाहत राहायचं. फेब्रुवारी १९६४मध्ये बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत उतरले, तेव्हाही हे दोघे असेच त्यांच्यासोबत हिंडले होते. या पद्धतीत पाहणाऱ्यावर विश्वास टाकलेला असतो. त्यामुळे थोडी तयारी करून बसणं ही आपली बाजू.

२. अर्ध्या तासाची तयारी

आधी माणसं ओळखून घ्या. मिक जॅगर गातो, वय २६. कीथ रिचर्ड्स गिटार वाजवतो, जवळपास त्याच वयाचा. ड्रमवर चार्ली वॉट्स, २८ वर्षांचा, कमी बोलणारा. या चित्रपटात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा चेहरा त्याचा आहे. बेस गिटारवर बिल वायमन. आणि दुसऱ्या गिटारवर मिक टेलर, फक्त २० वर्षांचा, बँडमध्ये नुकताच आलेला. ज्याच्या जागी तो आला, तो ब्रायन जोन्स त्याच वर्षी ३ जुलैला वारला होता. एप्रिल २००३मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ज्यांनी स्टोन्सना ऐकलं, त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की टेलर आणि वायमन दोघेही तोवर बँड सोडून गेले होते. पडद्यावर दिसतो तो त्याआधीचा, पोरसवदा बँड.

बँडबाहेरच्या तिघांची ओळख हवी. सॅम कटलर हा दौऱ्याचा व्यवस्थापक. माईकवरून बँडची ओळख करून देणारा आवाज त्याचा. मेल्विन बेली हा सॅन फ्रान्सिस्कोतला नामांकित वकील; त्याच्या कचेरीत कॉन्सर्टच्या जागेच्या वाटाघाटी चालतात. आणि डिक कार्टर, ऑल्टमाँटच्या मैदानाचा चालक. यांच्या जोडीला हेल्स एंजल्स: कातडी जाकिटं, मोटारसायकली, मारामारीची ख्याती असलेला कॅलिफोर्नियातला क्लब. मंचाभोवती त्यांना उभं करण्यात आलं. ५०० डॉलरच्या बिअरच्या मोबदल्यात ते राखणीला आले, असं तेव्हापासून सांगितलं जातं. राखण म्हणजे नेमकं काय ठरलं होतं, याबाबत मात्र आयोजकांचे आणि एंजल्सचे जबाब कधी जुळले नाहीत.

मग तीन गाणी ऐका, स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली मूळ रूपं: ‘जंपिन जॅक फ्लॅश’, ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ आणि ‘अंडर माय थंब’. प्रत्येक दोनदा. शब्द पाठ व्हायची गरज नाही, फक्त ठेका ओळखीचा व्हायला हवा. ऑल्टमाँटच्या रात्री यातली शेवटची दोन अडखळतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात. मूळ चाल कानात असली तर काय मोडतंय ते ऐकू येतं. ही तयारी टाळू नका. बाकी सगळं टाळलं तरी चालेल.

काळाचं भान म्हणून एवढं पुरे: ऑगस्ट १९६९मध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकचा महोत्सव झाला होता. प्रचंड गर्दी, पाऊस, चिखल, अन्नाची टंचाई, आणि तरीही तो शांतपणे पार पडला. लाखो पोरं जमली तरी प्रेमाने राहतात, हा विश्वास त्या वेळी हवेत होता. त्याच सुमारास स्टोन्सच्या दौऱ्यातले तिकिटांचे दर फार आहेत, अशी टीका वर्तमानपत्रांतून होत होती. फुकट कॉन्सर्टच्या कल्पनेमागे या दोन्ही गोष्टी होत्या.

३. प्रत, पडदा आणि आवाज

तुकड्यातुकड्यांनी फिरणाऱ्या क्लिप पाहू नका. त्यात नेमका भोसकण्याचा प्रसंग कापून दिलेला असतो, आणि तो तसा एकटा पाहणं हा त्या मुलावरही अन्याय आहे. क्रायटेरियन या कंपनीने काढलेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रे आहेत. भाड्याने किंवा विकत देणाऱ्या सेवांवर तुमच्या भागात तो कधी असतो, कधी नसतो. शोधून अधिकृत प्रतच घ्या.

टीव्हीवर दोन गोष्टी तपासा. चित्राची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, चारास तीन. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं किंवा मोठं केलं की डोकी आणि पाय कापले जातात. या चित्रपटात तर चौकटीच्या कडेलाच बरंच काही घडत असतं. आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा; नाहीतर १६ मिलिमीटरच्या फिल्मचा पोत जाऊन मालिकेसारखं चित्र दिसतं. रात्रीच्या दृश्यांत खूप दाणे दिसतील. तो प्रतीचा दोष नव्हे, तेवढ्याच उजेडात चित्रण झालं होतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे स्पीकर किंवा बरे हेडफोन चालतील, पण बेस आणि ड्रम वेगळे ऐकू यायला हवेत. इंग्रजी चांगलं येत असलं तरी सबटायटल लावा. अर्धे लोक पुटपुटतात आणि उरलेले एकाच वेळी बोलतात.

४. कुणाबरोबर पाहायचं

यात खऱ्या माणसाचा खरा मृत्यू आहे. शिवाय मारहाण, अमली पदार्थांच्या अंमलाखालची माणसं, नग्नता हे सगळं आहे. लहान मुलांसोबत पाहू नये. मित्रमंडळींसोबत पाहायचा असेल तर ही कल्पना आधी द्या आणि दोन-चार जणांहून मोठा घोळका करू नका. खाणंपिणं, गप्पा सुरू झाल्या की ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहायला कुणाला उसंत राहत नाही. पहिल्या खेपेला एकट्याने पाहिलेलं सगळ्यात बरं.

५. पहिली खेप: न थांबता

पहिल्यांदा मध्ये थांबवायचं नाही. मागे नेऊन बघायचं नाही. ९१ मिनिटं सलग.

सुरुवातीलाच चार्ली वॉट्स गाढवावर बसलेला दिसेल. ‘गेट यर या-याज आउट’ या त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढणं चाललं आहे. पाठोपाठ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा मंच, सॅम कटलरची घोषणा आणि ‘जंपिन जॅक फ्लॅश’. तुम्ही ठेक्यावर येता न येता तोच चित्रपट तुम्हाला उचलून संकलनाच्या खोलीत नेतो. तिथे एका टेबलावरच्या छोट्या पडद्यावर जॅगर आणि वॉट्स स्वतःचंच चित्रण पाहत बसले आहेत. रेडिओवरच्या एका कार्यक्रमाची टेप लागते. ऑल्टमाँटच्या दुसऱ्या दिवशी केएसएएन या स्टेशनवर लोकांनी फोन करून जे सांगितलं ते त्यात आहे. हेल्स एंजल्सचा सनी बार्जरही तावातावाने बोलतो. म्हणजे तिथे माणूस मेला, हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं.

नव्याने पाहणाऱ्याला हे खटकतं: शेवट आधीच का सांगून टाकला? ही रचना झ्वेरिन यांना सुचली आणि माझ्या मते सगळा चित्रपट तिच्यावरच उभा आहे. शेवट ठाऊक झाल्यावर पुढचं प्रत्येक हसू, प्रत्येक ‘होईल सगळं नीट’, आपण वेगळ्या कानांनी ऐकतो. पुढे काय होणार ही उत्सुकता बाजूला होते आणि हे होत असताना कोण कुठे पाहत होतं, हा प्रश्न उरतो. त्या टेप ऐकताना वॉट्सच्या चेहऱ्यावर जे येतं आणि जॅगरच्या चेहऱ्यावर जे येत नाही, ते नीट पाहा. पत्रकार परिषदेतली स्वतःची चटपटीत उत्तरं पडद्यावर पाहताना जॅगर नाराज होतो. स्वतःचा मुखवटा पाहणारा माणूस इतक्या जवळून क्वचित पाहायला मिळतो.

मधल्या भागात तीन ठिकाणी रेंगाळा.

पहिलं ठिकाण अलाबामातला मसल शोल्स साउंड स्टुडिओ. २ ते ४ डिसेंबर या तीन दिवसांत तिथे ‘ब्राउन शुगर’, ‘वाइल्ड हॉर्सेस’ आणि ‘यू गॉट्टा मूव्ह’ ही गाणी ध्वनिमुद्रित झाली. चित्रपट आपल्याला ध्वनिमुद्रण फारसं दाखवत नाही. झालेलं गाणं ऐकणारी माणसं दाखवतो. ‘वाइल्ड हॉर्सेस’ वाजतंय, कीथ डोळे मिटून पडला आहे, कॅमेरा त्याच्या बुटांवर जाऊन थांबतो. मग तो वॉट्सकडे वळतो आणि वॉट्स सरळ कॅमेऱ्यात पाहतो. बराच वेळ. माहितीपटात माणसाने कॅमेऱ्याकडे पाहिलं की एरवी तो तुकडा कापतात. इथे ठेवला आहे. तुम्ही त्याला पाहताय तसा तोही तुम्हाला पाहतोय, हे त्या क्षणी उमगतं. रॉकमधला संगीतकार स्वतःचं गाणं कसा ऐकतो, याचं याहून चांगलं चित्रण मला माहीत नाही.

दुसरं, ‘लव्ह इन व्हेन’ हे गाणं. रॉबर्ट जॉन्सनचं जुनं ब्लूज, चित्र संथ गतीत. घटनेपासून इतका दूर जाणारा तुकडा दिग्दर्शकांनी मुद्दाम ठेवला आहे. जॅगरच्या हालचालींतली नजाकत इथे दिसते; पुढे ऑल्टमाँटला त्याच हालचाली किती निरुपयोगी ठरतात ते समजायला तिची गरज आहे. त्याच्यानंतर येणारी गायिका टीना टर्नर मात्र पूर्ण वेगात, पूर्ण ताकदीने येते. आइक आणि टीना टर्नर या दौऱ्यात स्टोन्सच्या आधी गात असत, बी. बी. किंगही असत.

तिसरं, मेल्विन बेलीची कचेरी. आधी गोल्डन गेट पार्क ठरत होतं, ते जमलं नाही. मग सीअर्स पॉइंट हे शर्यतीचं मैदान ठरलं, तिथे मंच उभारायला घेतला; पैशांवरून आणि चित्रपटाच्या हक्कांवरून तेही फिसकटलं. ऑल्टमाँट नक्की झालं तेव्हा हातात दोन दिवससुद्धा नव्हते. कचेरीत सगळे खुशीत आहेत, स्पीकरफोनवर बोलणी चालू आहेत, गाड्या कुठे लावायच्या याची चर्चा आहे. शब्द निसटले तरी हरकत नाही. खोलीतल्या किती जणांच्या चेहऱ्यावर काळजी आहे, तेवढंच पाहा.

६. ऑल्टमाँट: इथे डोळे कडेला ठेवा

चित्रपटाचा उत्तरार्ध त्या एका दिवसाचा आहे. तो पाहताना मंचाची उंची लक्षात असू द्या. सीअर्स पॉइंटला मंच टेकाडावर येणार होता, त्यामुळे ठेंगणा चालला असता. ऑल्टमाँटला तोच ठेंगणा मंच उताराच्या पायथ्याशी लागला, जेमतेम कमरेएवढा. वरून लोटणारी सगळी गर्दी थेट मंचावर येऊन आदळणार. त्या दिवशी जे घडलं त्यात अमली पदार्थ, दारू, एंजल्स, घाई या सगळ्यांचा वाटा आहे. पण इतक्या साध्या मोजमापाचाही आहे. गर्दीची व्यवस्था पाहणाऱ्या कुणीही हा चित्रपट याच एका कारणासाठी पाहावा.

दिवसाउजेडी सुरुवात चांगली दिसते. माणसं टेकड्यांवरून चालत येताहेत, गाड्या रस्त्याकडेला सोडलेल्या आहेत, कुणी साबणाचे फुगे उडवतंय. हेलिकॉप्टरमधून उतरताच जॅगरला एक जण ठोसा मारतो. ते इतकं पटकन होतं की नजर चुकते. नंतर बिलियर्ड्सच्या काठ्या घेतलेले एंजल्स दिसू लागतात. जेफरसन एअरप्लेन हा बँड वाजवत असताना त्यांचा गायक मार्टी बॅलिन मारामारी थांबवायला खाली उतरतो आणि त्यालाच मारून बेशुद्ध पाडलं जातं. त्यांचीच गायिका ग्रेस स्लिक माईकवरून समजावत राहते. ही बातमी ग्रेटफुल डेड या बँडच्या जेरी गार्सिया आणि फिल लेश यांना येताक्षणी कळते, तो प्रसंगही चित्रपटात आहे. डेड त्या दिवशी वाजवलेच नाहीत.

अंधार पडल्यावर स्टोन्स येतात. आता गायकाकडे कमी पाहा. मंचावरच इतकी माणसं चढली आहेत की बँडला हलायला जागा नाही. मध्येच एक कुत्रा आरामात मंच ओलांडून जातो. जॅगरच्या शेजारी उभा असलेला एक एंजल त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर पाहा. पुढच्या रांगेत एक मुलगी रडते आहे, डोकं हलवत कुणाला तरी नको नको म्हणते आहे. ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ थांबतं, पुन्हा सुरू होतं. जॅगर लोकांना शांत व्हा म्हणून विनवतो. कीथ समोरच्या माणसाकडे बोट दाखवून, हे थांबलं नाही तर वाजवणार नाही, असं बजावतो. या दोघांच्या स्वरांतला फरक ऐका.

‘अंडर माय थंब’ चालू असताना ते घडतं. अनेकजण आजही सांगतात की हंटर ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’च्या वेळी मेला, सैतानाचं गाणं असल्यामुळे ती दंतकथा चिकटली. गर्दीत हिरव्या सुटातला हंटर क्षणभर दिसतो, मग चित्रपट लगेच संकलनाच्या खोलीत परततो. जॅगर ते पुन्हा पाहायला मागतो. फिल्म मागे नेली जाते, हळू केली जाते, थांबवली जाते. सोबतच्या मुलीच्या फिक्या विणलेल्या कपड्यावर त्याच्या हातातल्या पिस्तुलाची काळी आकृती दिसते, आणि एंजलचा सुरा. मंचावरून जॅगरला हे दिसलं नव्हतं. बेअर्ड ब्रायंट या कॅमेरामनच्या फिल्मवर ते आलं. जिथे त्या दिवशी अनेक कॅमेरे फिरत होते, तिथे एकाच कॅमेऱ्याला ते दोन-तीन सेकंद मिळाले. तेव्हा तरुण असलेला, पुढे ‘स्टार वॉर्स’ करणारा जॉर्ज ल्युकसही तिथे चित्रण करत होता. त्याचा कॅमेरा अडकला.

एवढ्यावर पहिली खेप संपवा. नावं सरेपर्यंत बसा आणि त्या रात्री दुसरं काही लावू नका.

७. दुसरी खेप: वही घेऊन

काही दिवसांनी पुन्हा पाहा. आता हवं तिथे थांबवा. वहीत दोन रकाने करा: एकात चित्रपटातला क्रम, दुसऱ्यात खऱ्या तारखा. गार्डनचे कार्यक्रम २७ आणि २८ नोव्हेंबरचे, स्टुडिओ २ ते ४ डिसेंबरचा, ऑल्टमाँट ६ डिसेंबरचं, रेडिओचा कार्यक्रम ७ डिसेंबरचा आणि संकलनाची खोली त्याहून नंतरची. दोन्ही रकाने जुळत नाहीत, हे लगेच दिसेल. रेडिओ अगदी आधी येतो. गार्डनची गाणी सलग न लावता पसरून ठेवली आहेत. स्टुडिओनंतरही आपण गार्डनमध्ये परततो. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, हा तुकडा इथे का? माहितीपट म्हणजे घडलं तसं ठेवलेलं, असं आपण धरून चालतो. जे टिपलं गेलं ते खरं असतं. ते कोणत्या क्रमाने मांडायचं हा निर्णय मात्र माणसांनी संकलनाच्या टेबलावर घेतलेला असतो. झ्वेरिन यांचं नाव दिग्दर्शकांत आहे, ते याचसाठी.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही मोजा. १६ मिलिमीटरच्या ४०० फुटांच्या रिळात जेमतेम ११ मिनिटं मावतात. कॅमेरामनला सतत ठरवावं लागे: आता चालू ठेवू की वाचवू? एखादं दृश्य मध्येच का तुटतं, त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

८. जे पडद्यावर नाही ते शोधा

चित्रपट हंटरबद्दल फारसं काही सांगत नाही. तो बर्कलीचा कृष्णवर्णीय तरुण होता, बहुतांशी गोऱ्या गर्दीत आपल्या गोऱ्या मैत्रिणीसोबत आलेला. त्याला भोसकणारा अ‍ॅलन पासारो याच्यावर खटला चालला. हीच फिल्म न्यायालयात दाखवली गेली आणि स्वसंरक्षण मानून जानेवारी १९७१मध्ये त्याची निर्दोष सुटका झाली. हंटरची कबर कित्येक वर्षं नावाच्या दगडाविना होती. त्यावर सॅम ग्रीन यांनी २००६मध्ये ‘लॉट ६३, ग्रेव्ह सी’ हा छोटा माहितीपट केला. मिळाला तर तो ‘गिम्मी शेल्टर’नंतर जरूर पाहा. स्टोन्सच्या चेहऱ्यांवर दीड तास घालवल्यावर हे आपण हंटरचं देणं लागतो.

त्या दिवशी आणखी तीन जण मेले: दोघे गाडीखाली सापडून, एक कालव्यात बुडून. सँटाना आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग हे बँडही तिथे वाजवले, पण त्यांचं संगीत चित्रपटात नाही. हंटर पडल्यानंतरही स्टोन्स बराच वेळ वाजवत राहिले. मध्येच सोडलं तर दंगल पेटेल, ही भीती होती. चित्रपटात तो वेळ खूप आकसला आहे.

समीक्षक पॉलिन केल यांनी प्रदर्शनाच्या वेळीच गंभीर आक्षेप घेतला: चित्रण व्हावं म्हणूनच जी कॉन्सर्ट घडवली, तिच्यातल्या मृत्यूची जबाबदारी चित्रपट झटकतो. दिग्दर्शकांनी तो आरोप फेटाळला. मला केल यांचं म्हणणं वस्तुस्थितीच्या बाबतीत ताणलेलं वाटतं, कारण कॉन्सर्ट चित्रपटासाठी रचलेली नव्हती. पण हक्कांचा वाद जागा बदलण्यामागे होता, हे चित्रपटात पुरेसं स्पष्ट होत नाही, आणि तेवढ्यापुरता त्यांचा प्रश्न आजही शिल्लक आहे. दोन्ही बाजू वाचून तुमचं मत बनवा.

९. यानंतर काय पाहावं

पुढचा चित्रपट म्हणून मी ‘डोन्ट लुक बॅक’ सुचवेन. १९६५च्या वसंतात अमेरिकन गायक बॉब डिलन इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, डी. ए. पेनबेकर यांनी तो टिपला आणि १९६७मध्ये चित्रपट आला. हॉटेलच्या खोल्या, पत्रकारांशी खटके, व्यवस्थापकाची पैशांची घासाघीस. इथे कुणाचा जीव जात नाही, त्यामुळे नुसतं माणसांकडे पाहण्याचा सराव छान होतो.

मग ‘फेस्टिव्हल एक्स्प्रेस’. १९७०च्या उन्हाळ्यात गायिका जॅनिस जॉप्लिन, ग्रेटफुल डेड, द बँड हे सगळे एका आगगाडीने कॅनडाभर फिरले. चित्रण कित्येक वर्षं पडून होतं, चित्रपट २००३मध्ये पूर्ण झाला. गाडीतल्या डब्यात रात्रभर चाललेलं वाजवणं हा यातला ठेवा आहे. त्या दौऱ्यानंतर काही महिन्यांतच जॅनिस गेली, हे ठाऊक ठेवून तिच्याकडे पाहा.

‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ मात्र शेवटी ठेवा. डिलनच्या १९७५च्या दौऱ्यावर स्कॉर्सेसीने २०१९मध्ये केलेल्या या चित्रपटात काही मुलाखती सपशेल रचलेल्या आहेत. त्यात बोलणारा एक ‘दिग्दर्शक’ मुळात अस्तित्वातच नव्हता, ती भूमिका एका कलाकाराने केली आहे. चित्रपट हे आधी सांगत नाही. म्हणून पाहताना वहीत प्रत्येक बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या, कोण खरं वाटतं आणि कोण नाही याची खूण करा, आणि संपल्यावर एकेक नाव तपासा.

पुण्या-मुंबईत असाल तर फिल्म सोसायट्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवा. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ आणि पुण्याचं आशय यांसारख्या संस्थांमुळे असे चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहण्याची सवय आपल्याकडे रुजली. ‘गिम्मी शेल्टर’ कधी तिथे लागला, तर घरी पाहून झालेला असला तरी जा, आणि मागच्या रांगेत बसा.